काचेतली हराळी

"आये, गिळलं! आये, गिळलं त्येनं!"

छबी अशी वरडली की पिठाचं हात तसंच घिऊन मी पळाले, आन बगते तर पोरगी कोपरावर उठलेली. उठलेली! जिला कुशीवर वळायची बी बंदी, कमरंपासनं घोट्यापातूर पांढऱ्या पलस्तरात आवळलेली माजी पाच वर्सांची पोर, दोन्ही कोपरं खाटंवर रोवून आर्धी वर आल्याली, मानंच्या शिरा ताठल्याल्या, आन बोट काचंवर. आन त्याच टायमाला पलस्तरातनं आवाज आला. वाळल्यालं ढेकूळ पायाखाली फुटावं तसा. बारकाच. पन म्या ऐकला.

तिला खांद्याला धरून निजवली. "हालू नगं गं बाय, हालू नगं," ह्येच तोंडात, आन ती रडतीया, "आगं आत्ता जल्मलं व्हतं गं त्ये!" तवा मी काचंकडं बगितलं. पाण्याच्या टाकीत, आतल्या अंगानं काचंला काय तरी चिकटलं व्हतं. मोड आल्याला मूग असतोय तेवढं. त्येला केसावानी हात, चार का सा, कुनाला ठावं, आन त्या हातांत माशाचं पिल्लू. पिल्लू म्हंजी काय, दोन डोळं आन एक शेपटी. शेपटी आजून हालत व्हती.

मला कुनाला इचारायचं सुचलं न्हाई. देवाचं नाव बी सुचलं न्हाई. नखं कापायला ठेवल्यालं मालकांचं दाढीचं बिलेड फळीवर व्हतं, त्ये घेतलं, कोपरापातूर हात पाण्यात घातला, आन त्या मेल्याचं दोन तुकडं केलं. शेजारी आनखी एक दिसलं. त्येचं बी. मंग खालच्या खड्यांवर, मंग पाल्यावर. जितं दिसंल तितं. रानात पात धरून खुरपावं तशी मी टाकी खुरपली, आन शेवटाला हात भायेर काडून काय म्हणले असंन? म्हणले, "झालं. मेलं समदं. आता गप पड."

आन मी हराळीच्या रानात जल्मल्याली बाई. माज्या बापाचा जल्म हराळी खणण्यात गेला. हराळीचं एक कांडं खुरप्यानं तोडून तितंच टाकलं तर त्येची दोन मुळं व्हत्यात, ह्ये मला चालाया लागायच्या आधी ठावं. पन रानातलं शानपन पान्यात शिरायच्या आधी माजा हात शिरला. त्येला मी काय करू?

*

आज ह्ये परत का वर आलं, तर शेजारच्यांच्या रानात हळद शिजाया लागली. सकाळी दार उघडलं आन वारं त्येच घिऊन आलं. वल्या मातीचा, कडवट, नाकात बसनारा वास. ह्या समद्यानंतर झाल्याला धाकटा मांडीवर पीत व्हता, त्येला बी ठसका लागला. माजं मातुर काळीज आदी धडधडलं आन मंग मला कळलं की का. वास आदी पोचतोय, आठवन मागनं पळत येती. म्या चुलीवरचं दूध उतरवलं आन हुंबऱ्यातच बसले. लोकास्नी हळदीच्या वासानं लगीन आठवतं. मला सांगलीतली त्या वखारीमागची खोली आठवती, पत्र्याचं छप्पर आठवतं, आन पलस्तराच्या आत खाजतंय म्हणून रडनारी पोर आठवती.

चौथीपातूर शिकले मी. लिवता येतं, पन लिवताना बी बोलल्यावानीच लिवते, धापा टाकत. कुनी नावं ठिवायची तर ठिवा.

*

छबी पडली त्ये साल ऊस जोरात व्हता. भरल्या गाडीवर उसाच्या शेंड्यांच्या, वाड्यांच्या भाऱ्यावर पोरं चढत्यात, तशी चढली, आन चाक वरंब्यावरनं खाली आलं तशी खाली आली. मांडीचं हाड मोडलं. मालक मिलट्रीत, तिकडं वर बरफात. घरात मी आन आत्ती. आत्ती म्हंजी माजी सासू. आत्तींनी गावातल्या हाडवैद्याकडनं बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या. त्येचा त्येनं मनापास्नं परयत्न केला, म्हाताऱ्याला मी काय बोलत न्हाई. पन कामट्या सोडल्या तवा पाय धनुष्यावानी वाकल्याला.

"पोरीची जात हाय, चुलीपातूर चालली म्हंजी बास," आत्ती म्हणल्या.

"चुलीपातूर?" म्या म्हणलं. "आन चुलीपासनं भायेर कोन आननार तिला?"

सासूला उलटं बोलायची माजी ती पयलीच खेप. बोलून झाल्यावर परसात जाऊन मी वकले, एवढी भ्याले व्हते. पन दुसऱ्या दिशी कोरेगावच्या ष्टँडवर उभी ऱ्हायले, पोर खांद्यावर, गठुळं काखंत. भ्यालेलं मानूस घरात बसतंय, ह्ये कुनी सांगिटलं तुमास्नी? मी तर जल्मात जे जे केलं त्ये समदं भ्यालेल्या पायांनीच केलं.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात भितीवर लाल तिकोन रंगवल्याला आन त्याच्याखाली हासनारं मायबाप, दोन हासनारी पोरं. त्या भितीखाली बसून मी वाट बगितली. डाक्टरांनी हाड परत मोडलं, नीट बशिवलं, आन पोरीला पलस्तरात घालून माज्या हवाली केली. म्हणले, "हिला दगडासारखी पडू दे. हालली तर हाड सरकेल."

पाच वर्सांच्या पोरीचा दगड कसा करायचा, त्ये मातुर त्येंनी सांगिटलं न्हाई.

*

ऱ्हायची खोली मिळाली ती एका अडत्याच्या वखारीमागं. मार्केट हाकंच्या अंतरावर. सकाळच्यापासनं हळदीची पोती उतरायची, हमालांच्या पापन्या पिवळ्या, बैलांची शिंगं पिवळी, आमच्या भाकरीवर बी वाईच पिवळं. छबीचं पांढरं पलस्तर चार दिसांत हळद लागल्याल्या नवरीवानी झालं. अडत्याच्या मालकिनीला समदी काकू म्हणायची. जाड भिंगाचा चष्मा, अंबाड्यात पिन, आन तोंड असं की हमाल तिच्याफुडं पोतं बी हळू ठेवायचं.

छबी पयल्या दिसापासनं कळवळायची. पत्रा तापला की पलस्तराच्या आत घाम, घामानं खाज, आन खाजवायला जागा न्हाई. ती डोकं हापटायची. मी वारा घालायची, गोष्टी सांगायची, माज्या गोष्टी सपल्या तर हमालांच्या भांडनाच्या गोष्टी सांगायची. काकू एकदा दारात यिऊन उभ्या ऱ्हायल्या, आन संध्याकाळच्याला दोन हमालांच्या हातनं काचंची टाकी धाडली. पाणी, खडं, मासं समदं आत. रंगीत शेपटीचं बारकं बारकं गप्पी मासं.

"माझा मुलगा गोवरानं पडला होता तेव्हा ह्याच्याकडं बघत पडायचा," त्या म्हणल्या. "आता तो पुण्याला शिकतोय. त्याचे मासे आहेत, कळलं? जपायचं."

"जपते की."

"जपते की म्हणू नकोस. जप."

टाकी खाटंच्या बाजूला खोक्यावर ठेवली, छबीच्या डोळ्याच्या रेघंत. आन काय सांगू, पोरगी थंड पडली. मासा वर गेला की डोळं वर, मासा खाली आला की डोळं खाली, अंग मातुर जिथल्या तितं. म्या पयल्यांदाच बसून भाकरी खाल्ली. मंग काकूंनीच सांगिटलं की ह्या माशिनी आपली पिल्लं आपनच खात्यात, पाला असला तर पिल्लं लपत्यात. ह्ये ऐकून छबी घाबरली. "आई खाती?" "खाती म्हणं बया." "तू?" "मी भाकरी खाते, गप बस." आन पिल्लांना लपाया पाला पायजे म्हणून मीच किस्नंच्या घाटावर गेले, पायरीखालनं हिरवा मऊ पाला उपटला, पदरात घालून आनला आन टाकीत सोडला.

त्या पाल्यातनं त्ये आलं. मीच आनलं, माज्या पदरातनं. पिल्लं लपाया आनल्याल्या पाल्यात पिल्लं गिळनारं बसलं व्हतं. ह्याला काय म्हणायचं? मी काय म्हणत न्हाई. घाटावर पाटी लावली न्हवती.

*

पलस्तरात आवाज झाल्यावर दवाखान्यात फोटू काढला. डाक्टरांनी फोटू उजेडाला धरला, जिभंनं टक केलं. "थोडं सरकलंय. आता आहे तिथं जुळू दे. पण आणखी सरकलं तर परत मोडावं लागेल."

परत मोडायचं. त्यो शब्द घिऊन मी रिक्षात बसले. दर खड्ड्याला मी पोरीचं आंग माज्या आंगावर झेलत व्हते आन मनात रस्त्याला शिव्या घालत व्हते.

आन घरी आलो तर टाकीत त्ये पयल्यापेक्षा वाढलेलं. दोन-चार दिसांत तर काच भरली. जितं म्या कापलं व्हतं तितं दोन, जितं खरवडलं व्हतं तितं पाच. समदी हात पसरून वाट बगत. मासं आकसून एका कोपऱ्यात. म्या परत बिलेड घेतलं.

"आये, कापू नगं!" छबी म्हणली. "तू कापतीस म्हणून त्ये वाढत्यात."

"तुला काय कळतंय?"

"मला ठावं हाय. ह्यो बग."

तिच्या उशाला काचंचा पेला व्हता. पयल्या दिशी टाकी खुरपताना एक तुकडा माज्या काकनाला चिकटून आला व्हता, त्यो तिनं हट्टानं पेल्यात टाकून घेतला व्हता. नुस्तं देठ, डोकं न्हाई. मी इसरूनच गेले व्हते. ती इसरली न्हवती. तिला दुसरं काम काय? तिनं त्या देठाला डोकं येताना बगितलं व्हतं, आदी एक फुगारा, मंग त्यातनं एक बोट, मंग दुसरं. "काल इतकीच व्हती हिची झिपरी," ती मला नखावर दावत म्हणली, "आज बग." तिनं तिचं नाव झिपरी ठेवलं व्हतं. इस्कटल्याल्या केसांची.

म्या पेला उजेडाला धरला, जसा डाक्टरांनी फोटू धरला व्हता. आतलं त्ये येडं बारकं जनावर हात सोडून मजेत झुलत व्हतं. जनू कुनी त्येला कवा कापलंच न्हवतं.

खरं सांगते, मला राग आला. लय राग आला. माजी पोर एकदा पडली तर दोनदा मोडली, आन तरी हाड जुळंना. आन हिला बिलेडानं चिरली तर ही डोकं घिऊन परत हजर! ही कोन लागून गेली मोठी?

*

त्याच दिसांत आत्ती आल्या. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, आन नातीला उसाचं कांडं. आल्या आल्या टाकी बगितली.

"ह्ये काय वळवळतंय?"

"झिपरी हाय, आज्जे," छबी म्हणली.

"आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर वत. पोटात गेलं पोरीच्या तर?"

तेवढ्यात काकू आल्या. त्येंनी चष्मा पुसून काचंला नाक लावलं आन त्येंचा रंगच उडाला. "सुमन, हे काय केलंस गं? माझ्या पोराचे मासे मरतील की सगळे! उचल. उद्या टाकी परत दे, मी रिकामी करून माळ्यावर टाकते."

दोन बाजूंनी दोघी, मधी खाट. एकीला नात जपायची, एकीला पोराचं मासं. दोघींचं बी खरंच व्हतं. पन टाकी गेली की पोरगी डोकं हापटाया लागनार, आन डोकं हापटलं की कंबर हालनार, आन कंबर हालली की परत मोडायचं. ह्ये मला दिसत व्हतं आन त्या दोघींना न्हाई.

"टाकी हालनार न्हाई," मी म्हणले.

"आं?"

"टाकी इतनं हालनार न्हाई. कीड जाईल. मासं ऱ्हातील. पोरगी बी पडून ऱ्हाईल."

"आन कीड कशी घालवनार, मंतर मारून?" आत्ती म्हणल्या. "कापून तर एकाची धा केलीस."

"हराळी कशी घालवत्यात, आत्ती?"

आत्ती बी रानात जल्म गेल्याली बाई. हळूच म्हणल्या, "रान तापवायचं. भर उन्हात नांगरून पालथं टाकायचं. मूळ न मूळ वाळू द्यायचं."

"मंग टाकीच तापवू की."

काकूंनी आमच्या दोघींकडं बगितलं, जसं काय आमी कानडी बोलाया लागलो. "अगं, टाकी तापवता, आणि मासे तोवर कुठं ठेवता? माझ्या डोक्यावर?"

*

तितं माजी दुसरी चूक झाली, आन ती बी सांगते. घरात सगळ्यात सोवळं भांडं कोनतं? तांब्याची घागर. आपन पाणी तांब्यात ठेवतो, देव तांब्यात न्हाऊ घालतो. काकूंच्या पोराचं मासं म्हंजी आपल्याकडं आल्यालं पावनं, म्हणून म्या घागर चिंचंनं घासली, आरशावानी लखलखीत केली, ताजं पाणी भरलं, आन मासं त्यात सोडलं. छबीला म्हणलं, "बग, राजवाड्यात ऱ्हायला गेलं."

राजवाड्यात घटकाभर बरं व्हतं. मंग मासं वर आलं, तोंड उघडून आ आ कराया लागलं. एक आडवा झाला. आनखी एक. मी घागर उचलली आन अंगनात पळाले, "काकू! काकू!" आन काकू त्येंच्या सोप्यातनं अनवानी पळत आल्या, आन त्येंनी घागरीत बगितलं आन शिव्या द्यायच्या सोडून घरातला पाण्याचा मातीचा डेराच उचलून आनला, आर्धं पाणी अंगनात सांडत. एकेक मासा वंजळीनं तिकडं घातला. चिंचंचा आंबूसपना ऱ्हायला व्हता का तांब्याचंच काय व्हतं, मला आजून बी ठावं न्हाई. दोन मेलं. बाकीचं जगलं.

काकू तितंच अंगनात बसल्या. मेलेला मासा तळहातावर घिऊन. "हा शेपटीवर काळा ठिपका असलेला, हा त्याचा लाडका होता," म्हणल्या. मी पदर तोंडात धरून उभी. मला वाटलं आता हिच्या तोंडातनं निघंल, खोली रिकामी कर. त्येंनी मासा अंगनातल्या कन्हेरीच्या बुडात पुरला, हात झटकला, आन म्हणल्या, "आता उभी काय राहिलीस? ऊन चाललंय. टाकी काढ की बाहेर."

आत्ती आन मी दोघींनी टाकी भायेर काढली. घाटावरचा पाला चुलीत घातला, त्यो फुसफुसत जळला. खडं पत्र्यावर पसरलं, हळकुंडं पसरत्यात तसं. टाकी उन्हाकडं तोंड करून पालथी-उताणी केली. सांगलीचं त्ये ऊन, पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा. काचंवर चिकटल्याली ती समदी, हातवाली, आदी आकसली, मंग टिकल्यावानी बारकी झाली, मंग नुस्तं डाग. आत्ती दर घडीला जाऊन नखानं टोकरून बगायच्या. "आजून वलं हाय," म्हणायच्या. रान तापतंय का बगनाऱ्या शेतकऱ्यावानी. पयल्यांदाच आमी दोघी एका कामात व्हतो.

पन खोलीत खोक्यावरची जागा मोकळी. मी जीव मुठीत धरून आत जायची की पोरगी आता हालंल, मंग हालंल. न्हाई हालली. तिनं पेला छातीवर ठेवून घेतला व्हता आन श्वास बी दबकत घेत व्हती, पाणी हिंदकळू नये म्हणून. काकूंच्या पिपातल्या पाण्यातलं बारीक किडं आत्ती तिला वाटीत आनून द्यायच्या आन छबी काडीच्या टोकानं एकेक झिपरीला भरवायची. "आज्जे, जेवली बग." "जेवली का मेली? कर म्हणावं मजा." जी उकिरड्यावर वतायची व्हती तिला आज्जी जेवान पुरवत व्हती. ज्या किडीनं माज्या पोरीचं हाड सरकवलं, तीच कीड आता त्ये हाड जाग्यावर धरून बसली व्हती. ह्ये मी डाक्टरांना सांगिटलं न्हाई. त्येंनी ऐकलं नसतं.

*

टाकी परत लागली. नवं पाणी, तापल्यालं खडं, डेऱ्यातलं मासं. काच अशी सोच्छ की मासं हवंत पवतायत असं वाटावं. काकूंनी चष्मा लावून चारी कोपरं तपासलं. मंग उशाला बगितलं.

"सुमन. तो पेला ओत."

"न्हाई."

"एक जरी ह्या पाण्यात पडलं तर परत सगळं मूळपदावर येईल. कळतंय ना?"

"कळतंय. टाकी तुमची हाय, काकू. पेला माजा हाय."

काकूंनी कपाळाला हात लावला. "ह्या खेड्यातल्या पोरीला मी खोली का दिली असेल!" असं वखारीकडं तोंड करून म्हणल्या, हमालांना ऐकू जाईल असं. पन दुसऱ्या दिशी पेल्यावर झाकायला जाळीचं बारकं फडकं घिऊन आल्या. त्येच्या कडंला मनी शिवलं व्हतं.

*

आज इतं रानात हळद शिजनाऱ्या काहिलीतनं वाफ निघतीया. छबी शाळंला गेली. चालत गेली. डाव्या चपलीला चांभारानं चामड्याचं दोन थर लावल्यात, तरी वाईच खांदा पडतो. बांदावरनं जाती ती लांबनं वळखू येती. मी तिची पाठ दिसायची बंद व्हईस्तवर बगते, आन मंगच कामाला लागते. ती संध्याकाळी घरी आली की पयलं काय करती सांगू? भितीला पाठ लावून बसती, दोनी पाय लांब करती, टाच टाचंला लावून बगती. रोज. कुनी बगत न्हाई असं तिला वाटतं.

त्येच मला सांगायचं व्हतं. हळदीचं, माशाचं, उन्हाचं समदं त्याच्यासाठीच सांगिटलं.

पलस्तर कापलं त्या दिशी आतनं पाय निघाला त्यो पाय न्हवताच. वाळकी काडी, वरची कातडी सापाच्या कातीवानी सुटल्याली. छबी म्हणली, "ह्यो माजा न्हाई." डाक्टरांनी दोनी पाय जुळवून बगितलं. "हाड जुळलंय. चालेल ती. पण हा पाय थोडा आखूड राहणार. ते आता तसंच." माज्या कानात त्यो ढेकूळ फुटल्याचा आवाज आला, आन मी भितीवरच्या हासनाऱ्या पोरांकडं बगत ऱ्हायले.

भायेर लिंबाच्या सावलीत बसलो. छबी माज्या मांडीवर, पेला तिच्या मांडीवर. आत्ती शेजारी, पदरानं नाक पुसत. कामट्या बांधून घेतल्याचं त्येंच्या मनातनं कवाच गेलं न्हाई, ह्ये मला तवा दिसलं. पेल्यात झिपरी झुलत व्हती, आन तिच्या देठाला आनखी एक बारकी झिपरी फुटली व्हती.

छबीनं तिच्याकडं बगितलं, मंग सोताच्या पायाकडं, मंग माज्याकडं.

"आये, हिला तू आर्धी कापली तरी ही पुरी झाली."

"झाली की."

"मंग माजा पाय बी व्हईल का पुरा?"

मी तोंड उघडलं. आत्तींनी माजा हात गच्च धरला. हळू आवाजात, पन असल्या आवाजात त्या माज्याशी कवा बोलल्या न्हवत्या, म्हणल्या, "खरं सांग तिला. आत्ताच सांग. न्हाईतर पोर जल्मभर वाट बगंल."

त्येंचं बी खरंच व्हतं. म्हातारीनं जल्मात बगितल्यालं व्हतं वाट बगनं काय असतं. पन माज्याफुडं त्यो काडीवानी पाय व्हता, आन त्यो भुईला टेकायचा व्हता, आन दुखनार व्हतं, लय दुखनार व्हतं, आन वाट बगायला काय नसंल तर पोरगी कशापायी टेकवंल?

मी म्हणले, "व्हईल."

म्हणले, "रोज चालशील, तर व्हईल."

तिनं पेला आज्जीच्या हातात दिला, माज्या खांद्याला धरलं, आन पाय खाली टेकवला. वरडली. परत टेकवला.

आता ती रोज टाचंला टाच लावून बगती. आन आत्ती चुलीफुडनं माज्याकडं बगत्यात. मला ह्याचा पस्तावा न्हाई, परत त्यो दिस आला तरी मी त्येच म्हनंन. पन काल रातच्याला जेवताना पोरीनं घास हातात धरून इचारलं, "आये, कवा?"

तुमी सांगा. तुमच्या मांडीवर ती बसली असती, तिच्या मांडीवर त्यो पेला असता, आन तिनं तसं वर बगितलं असतं, तर तुमी काय म्हणला असता?